‘गारेगार’ लोकलचं दार कुणासाठी बंद होणार?

मुंबईच्या लोकलचे जुने डबे जाणार, नवे येणार आणि नवे सगळे एसी असणार, हे आता ठरल्यातच जमा आहे. एमयूटीपी 3 मध्ये 47 आणि 3-अ मध्ये 191, अशा मिळून 238 वातानुकूलित गाड्यांचा हिशेब कागदावर कधीचा मांडून झाला आहे. वर्तमानपत्रांना ‘गारेगार प्रवास’ हा शब्द इतका आवडला आहे की बातमी कोणतीही असो, तो मथळ्यात बसतोच. पण गाडी गार झाल्यावर तिच्यात कोण बसेल, फलाटावर कोण उरेल आणि ती गाडी दुरुस्त करण्याची नोकरी कोणाला मिळेल, हे प्रश्न त्या बातमीत नसतात. ते कोणी विचारत नाही म्हणून आम्ही विचारतो आहोत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण लेख अर्धवट वाचून ‘हे विकासाच्या विरोधात आहेत’ असं लिहिणारे तयारच बसलेले असतात. आमचा एसीला विरोध नाही. घामाने निथळत, दुसऱ्याच्या कोपराखाली मान घालून दीड तास उभं राहणं ही काही बहुजनांची संस्कृती नव्हे की ती जपायची. जुन्या गाड्या गेल्याच पाहिजेत. रेल्वेच्या हिशेबात डब्याचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं धरतात. नोव्हेंबर 2007 मध्ये आलेल्या सीमेन्सच्या गाड्याही आता त्या वयाकडे निघाल्या आहेत. दार बंद होणारी गाडी हवी, हेही आम्हाला मान्य आहे. लटकत जाणं ही कोणाची हौस नसते.

प्रश्न दराचा आहे. दर म्हणजे भाडं, आणि दर म्हणजे दरवाजासुद्धा.

पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला धावली, बोरिवलीहून चर्चगेटला. आम्हा आंबेडकरी लोकांना 25 डिसेंबर म्हटलं की मनुस्मृती दहन आठवतं, रेल्वेला नाताळ आठवला असेल. तो योगायोग आम्ही ताणत नाही. पण त्या दिवसापासून लोकलमध्ये एक नवी उतरंड तयार झाली हे खरं आहे. पूर्वी एकाच गाडीत फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास असायचा. पैसेवाला आणि बिनपैशाचा दोघेही एकाच गाडीची वाट बघायचे, गाडी उशिरा आली की दोघांनाही उशीर व्हायचा. आता आख्खी गाडीच वेगळी झाली. तुमच्यासमोर 8.20 ची गाडी येते, थांबते, दार उघडतं, थंड हवेचा झोत अंगावर येतो, दार बंद होतं आणि गाडी जाते. तुमची गाडी त्यानंतर. आणि ती आधीपेक्षा जास्त भरलेली, कारण मधली एक फेरी तुमच्यातून काढून घेतलेली असते.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. रूळ तेवढेच आहेत. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी, यापेक्षा जास्त गाड्या सध्याच्या सिग्नलवर बसत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या तासात एसी गाडी ‘वाढवली’ असं रेल्वे सांगते तेव्हा बहुतेक वेळा साध्या गाडीची जागा तिला दिलेली असते. शाळेत जागा तेवढ्याच ठेवून अर्धी बाकं जास्त फीवाल्यांना दिली, तर शाळेची क्षमता वाढली असं आपण म्हणू का?

ऑगस्ट 2022 मध्ये कळव्याच्या आणि बदलापूरच्या प्रवाशांनी हेच ओळखलं. मध्य रेल्वेने साध्या फेऱ्यांच्या जागी एसी फेऱ्या घातल्या, तेव्हा कळव्याचे लोक कारशेडमधून निघणाऱ्या गाडीसमोर उभे राहिले. बदलापूरचे लोक संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनात जमले. काही दिवसांत रेल्वेला नव्याने घातलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. दूरचित्रवाणीवर तेव्हा ‘प्रवाशांचा एसीला विरोध’ असं दाखवलं गेलं. विरोध एसीला नव्हता, हक्काची गाडी काढून घेण्याला होता. मथळा बदलला की आंदोलकच अडाणी ठरतात, ही पद्धत आपल्याला नवी नाही.

मग भाडं कमी केलं ना, असं कोणी म्हणेल. केलं. मे 2022 मध्ये एसी लोकलचं तिकीट निम्म्यावर आणलं. 5 किलोमीटरला 65 रुपये होते ते 30 झाले, 25 किलोमीटरला 135 चे 65 आणि 50 किलोमीटरला 205 चे 100. मोठा गाजावाजा झाला. पण ही सवलत सुट्या तिकिटाला होती, पासाला नव्हती. रोज कामाला जाणारा माणूस सुटं तिकीट काढत नाही, तो पास काढतो. सुटं तिकीट पाहुणा काढतो, महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जाणारा काढतो. म्हणजे गाजावाजा सगळ्यांच्या नावाने आणि फायदा अधूनमधून येणाऱ्याला. शिवाय निम्मं केलेलं भाडंही बघा: सेकंड क्लासचं किमान तिकीट 5 रुपये आणि तेवढ्याच अंतराला एसीचं 30. सहापट. ज्या बाईला चार घरची धुणीभांडी करून महिन्याला मोजके पैसे मिळतात, तिच्यासाठी हे ‘निम्मं’ नाही, हे बंद दार आहे.

हार्बर लाइनचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. डिसेंबर 2021 मध्ये तिथे एसी लोकल सुरू केली आणि मे 2022 मध्ये प्रतिसाद नाही म्हणून काढून मेन लाइनवर नेली. प्रतिसाद नाही! गोवंडी, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला, वडाळा, शिवडी ही हार्बरची स्टेशनं. इथल्या माणसाला उकडत नाही असा रेल्वेचा समज असावा. भाडं परवडणार नाही असं ठेवायचं, मग गाडी रिकामी धावली की ‘यांना नकोच आहे’ असा निष्कर्ष काढायचा आणि गाडी जिथे पैसे आहेत तिथे न्यायची. पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही आणि मग म्हणायचं की यांना तहानच लागत नाही. चवदार तळ्याच्या लेकरांना हा युक्तिवाद समजावून सांगायची गरज नाही.

‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता’ हे वाक्य आता येणार, आम्हाला ठाऊक आहे. तर त्यावर बोलू.

पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती 16 एप्रिल 1853 ला. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने लिहिलं की रेल्वेमुळे येणारे आधुनिक उद्योग भारतातल्या जाती जिच्यावर उभ्या आहेत ती श्रमविभागणी मोडतील. पुढे काय झालं? जात रेल्वेत चढली आणि तिने खिडकीची जागा पकडली. 1901 मध्ये छोटा भीमराव भावंडांबरोबर गाडीने मसूरला उतरला. मुलांचे चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर एक जण तयार झाला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलं आहे. आमच्या तरुणांनी हा प्रसंग अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून वाचला आहे, तो वाहतुकीच्या भाड्याची गोष्ट म्हणूनही वाचावा. विटाळाला एक दर होता. तो भरला तर प्रवास, नाही तर स्टेशनातच मुक्काम.

दुसरी गोष्ट मनमाडची. फेब्रुवारी 1938 मध्ये जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेब तिथेच म्हणाले आणि हे विधान आपण पोस्टरवर नेहमी लावतो. पण त्याच भाषणातला तपशील पोस्टरवर येत नाही. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून राबतो आणि त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावं लागतं आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे बाबासाहेबांनी मांडलं. म्हणजे रेल्वेच्या प्रश्नात जात आम्ही आणलेली नाही. ती आधीपासून तिकडे ड्युटीवर आहे. आम्ही फक्त तिची हजेरी घेतो.

आता या नव्या गाड्यांमधली सगळ्यात कमी चर्चा झालेली बाब. आमच्या मते भाड्यापेक्षाही ती मोठी आहे.

2023 पासून या 238 गाड्यांच्या खरेदीची जी रूपरेषा पुढे आली, तिच्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच 35 वर्षं देखभाल करायची आणि त्यासाठी भिवपुरी आणि वाणगावला नवे डेपो उभारायचे, असं आहे. पस्तीस वर्षं! आज वीस वर्षांचा असलेला पोरगा तेव्हा पंचावन्नचा होईल. त्याच्या आख्ख्या नोकरीच्या वयात मुंबईच्या नव्या लोकलचा नटबोल्ट रेल्वेचा माणूस पिळणार नाही, कंपनीचा कंत्राटी माणूस पिळणार. आणि कंत्राटात आरक्षण नसतं.

कुर्ला कारशेड, कळवा कारशेड, सानपाडा, कांदिवली, विरार, माटुंग्याचा वर्कशॉप, परळचा वर्कशॉप, ही नावं प्रवाशाला खिडकीतून दिसणाऱ्या शेड असतील, आपल्या समाजाला ती ओळखीची घरं आहेत. बाप खलाशी म्हणून लागला, पुढे फिटर झाला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पोरं शिकली, त्यातलं एखादं प्राध्यापक झालं, एखादं मंत्रालयात लागलं. संविधानाच्या कलम 16(4) ने हे घडवलं. अनुसूचित जातींचे 15 टक्के, जमातींचे साडेसात, ओबीसींचे 27, हे आकडे कारशेडच्या हजेरीपटावर माणसं होऊन उभे राहिले. आरक्षण रद्द करा असं आज कोणी उघड म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. आरक्षण ज्या नोकरीला लागू आहे ती नोकरीच निविदेत घालून दिली की काम झालं. संविधान जागेवर, आरक्षण जागेवर, फक्त जागा नाहीत.

आणि नोकरीची भूक किती आहे? 2019 मध्ये रेल्वेने लेव्हल-1 च्या, म्हणजे जुन्या भाषेत ग्रुप डीच्या, 1,03,769 जागा काढल्या. अर्ज एक कोटीच्या वर आले. परीक्षा झाली 2022 मध्ये, तीन वर्षांनी. त्याआधी 20 मार्च 2018 ला रेल्वेतच अॅप्रेंटिसशिप केलेल्या पोरांनी माटुंगा-दादर दरम्यान रूळ अडवले होते. मागणी काय? आम्हाला तुम्हीच शिकवलंत, आता कामावर घ्या. त्या सकाळी अडकलेल्या प्रवाशांचे हाल चॅनेलांनी दिवसभर दाखवले. रुळावर बसलेली पोरं कोण होती, हे दाखवायला कोणाला सवड नव्हती. ज्या रेल्वेकडे शिकलेल्या पोरांसाठी जागा नाहीत, तिच्याकडे खाजगी कंपनीला द्यायला पस्तीस वर्षं आहेत.

आमच्यातलेच काही मित्र इथे म्हणतील की देखभाल चांगली झाली तर प्रवाशाचाच फायदा, कंपनीची असो की सरकारची. आमचं म्हणणं एवढंच, की याच कारशेडच्या माणसांनी पावसाळ्यात रुळांवर पाणी असताना, सुटे भाग मिळत नसताना हा गाडा चालवला आहे. 2016 मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी गाडी निवृत्त होईपर्यंत ते जुनं धूड कोणी चालतं ठेवलं? पंधराशे व्होल्ट डीसीवरून 25 हजार व्होल्ट एसीवर आख्खं जाळं नेलं, ते प्रवाशाला रोज कामाला पोचवत असताना. आमच्या माणसांना नवं तंत्र जमणार नाही हा समज योग्यतेच्या, ‘मेरिट’च्या जुन्या भांडणाचाच नवा डबा आहे.

सुरक्षेचं बोलायचं तर 9 जून 2025 ला दिवा-मुंब्रा दरम्यान शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातले काही गेले. त्यानंतर रेल्वेला जाग आली. नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं लावायची आणि साध्या गाडीलाही तशी दारं बसवता यावीत म्हणून दारांना झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा आणि डब्याडब्यांत ये-जा करायला वाट, असा आराखडा मांडला गेला. हे लक्षात ठेवा. म्हणजे जीव वाचवणारं दार आणि थंड हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रेल्वेनेच कबूल केलं. मग इतकी वर्षं ‘दार हवं असेल तर एसी घ्या आणि एसी हवा असेल तर सहापट द्या’ हे गणित कोणी आणि का चालवलं? जीव वाचवण्याची सोय ही चैनीच्या वस्तूबरोबर जोडून विकायची असते का?

आणि दारांनी सगळे मृत्यू थांबणार नाहीत. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यातला मोठा हिस्सा रूळ ओलांडताना जातो. वस्ती एका बाजूला, शाळा, संडास, रेशनचं दुकान दुसऱ्या बाजूला. रेल्वे त्याला ‘ट्रेसपासिंग’ म्हणते, म्हणजे मेलेलाच आरोपी. पादचारी पूल कोणत्या स्टेशनात आधी होतो आणि कोणत्या वस्तीत वर्षानुवर्षं होत नाही, हे आपल्या डोळ्यांना दिसतं.

हवेचाच विषय निघाला आहे तर मानखुर्द-गोवंडीचंही बोललं पाहिजे. लोकलचे मार्ग वाढवायला एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात रुळांलगतची हजारो कुटुंबं उठवली आणि लल्लुभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत नेऊन कोंबली. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. या वसाहतींत क्षयरोग आणि कोंदटपणा यांचा संबंध दाखवणारा अभ्यासही 2018 मध्ये झाला. लोकल वेगात जावी म्हणून ज्यांच्या घरातली हवा गेली, त्यांच्या दारावरून आता हवा विकत देणारी गाडी जाणार आहे. आणि तिचे पैसे कोण देतं? एमयूटीपीचा अधिभार नावाची एक रक्कम सेकंड क्लासच्या प्रवाशाच्या तिकिटातूनही कापली जाते. कर्ज फेडायला आपण आहोत, बसायला नाही.

मालडब्याचं कोणी नाव घेत नाही. सुरुवातीच्या एसी गाड्यांत मालडबाच नव्हता. मासळीच्या पाट्या, भाजीच्या टोपल्या, फुलांची गाठोडी, झाडूचे भारे, भंगाराची पोती, डबेवाल्यांचे क्रेट हे सगळं ज्या डब्यातून जातं, तो डबा आराखडा काढणाऱ्याला आठवलाच नाही. कारण त्याच्या ओळखीचं कोणी त्यातून जात नाही. शहराचं पोट ज्या डब्यातून भरतं तो डबा विसरणं ही चूक नसते, ती नजर असते.

जुलै 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं की सगळ्या गाड्या एसी होतील आणि सेकंड क्लासचं भाडं वाढणार नाही. आम्ही या आश्वासनाचं स्वागत करतो, अगदी मनापासून. पण लोकलचं भाडं विधिमंडळ ठरवत नाही, रेल्वे मंत्रालय ठरवतं. तेव्हा ते वाक्य मंत्रालयाच्या आदेशात, क्रमांक आणि तारखेसह, हवं. नाहीतर ‘इज्जत’ पासासारखं होतं. 2009 मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना असंघटित कामगारांसाठी 25 रुपयांत 100 किलोमीटरचा महिन्याचा पास निघाला. नाव इज्जत. अट काय, तर महिन्याचं उत्पन्न 1500 रुपयांच्या आत. मुंबईत रोज लोकलने कामावर जाणारा कोणता माणूस महिना 1500 वर जगतो, हे अट लिहिणाऱ्यालाच माहीत. योजना गरिबाच्या नावाने आणि अट अशी की गरीब बसूच नये. ती उत्पन्नाची मर्यादा आजच्या किमान वेतनाला बांधा आणि तो पास नव्या गाड्यांना लागू करा, ही मागणी आपण का करत नाही? आपल्या संघटनांच्या निवेदनांत पुतळे येतात, नामांतरं येतात, ती यावीतच. पण ज्या गाडीत बसून आपण मोर्चाला जातो तिचं भाडं आणि तिच्या कारशेडमधली भरती निवेदनात शेवटी ‘इतर मागण्या’त जाते, हे आता पुरे.

या महिन्यात प्रत्येक तालुका आणि वॉर्ड शाखेने मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळ या तिन्ही ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, असं आम्ही सुचवतो. विचारायचं हे: आपल्या स्टेशनावर गर्दीच्या वेळेतल्या किती साध्या फेऱ्या 2017 पासून एसी झाल्या आणि कोणत्या तारखेला, एसी पासाचं भाडं ठरवताना कोणता आधार घेतला, नव्या गाड्यांत मालडबा आहे का, 35 वर्षांच्या देखभालीच्या करारात आरक्षणाची अट आहे का, नसेल तर ती घालण्याचा विचार कोणत्या बैठकीत झाला, आणि सध्याच्या कारशेडमधल्या मंजूर व रिक्त पदांची प्रवर्गनिहाय संख्या. अर्ज मराठीत चालतो, फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला तीही नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. नाही आलं तर पहिलं अपील करा आणि आलं तर ते स्टेशनाबाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.

जय भीम.